कदमकाका बाहेर गेले आहेत

आमच्या समोरचे कदमकाका रोज पावणेसहाला बाहेर जायला निघतात. आधी तांब्याभर पाणी पितात. मग तपकिरी कोट घालतात, बुटांच्या नाड्या बांधतात, खिशात मोजपट्टी आणि पेन्सिल आहे ना ते चाचपून बघतात. मग खिडकीत येऊन मला हाक मारतात, "अविनाश, मी जरा बाहेर जाऊन येतो. घराकडे लक्ष ठेव." एवढं झालं की दार आतून लावतात, कडी दोनदा ओढून बघतात आणि कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसतात.

त्यानंतर कोणी आलं की मी आमच्या खिडकीतून सांगतो, "काका बाहेर गेलेत." एकदा कुरियरवाल्याला तसं सांगितलं, तर त्याने काकांच्या उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. आत काका कोट घालून ताठ बसलेले. "तो फिर ये कौन हैं?" असं त्याने विचारलं. पण मी खोटं बोलत नव्हतो. काका खरोखरच बाहेर असतात. आणि त्यांना तिकडे मीच पाठवलं, आणि चांगल्या हेतूने पाठवलं नाही. हे कधीतरी लिहून टाकायचं होतं.

कदमकाका पंच्याहत्तरीचे. लग्न केलं नाही. नोकरी जमीन मोजणीची, आणि तीही चंबळच्या बीहडात. पावसाने कापून कापून केलेल्या मातीच्या घळी त्या. यंदा जिथे टेकाड, तिथे पुढच्या वर्षी खड्डा. म्हणून नकाशा दर वर्षी नवा. "एक कोपरा मोजून होईतो दुसरा वाहून जायचा," काका सांगतात. "त्या गडबडीत लग्न राहून गेलं." त्यांचे पूर्वज शिपाईगडी म्हणून दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, ते खासगी बाजाराच्या या गल्लीत स्थिरावले. घराण्यात तलवार संपून हातात साखळी आली, ती जमीन मोजायची. काकांच्या मते ही बढती आहे.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "मौक्यावर बघू." म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन. गल्लीत कोणाची बाचाबाची झाली, भाजीवाल्याने भेंडी कोवळी आहे म्हटलं, माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी चांगली आहे असं आईने सांगितलं, प्रत्येक वेळी काकांचं उत्तर हेच. दुसरं वाक्य, "एकदा मोजलं ते मोजलं नव्हे." त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत चौदा पावलं आहेत. गल्ली ओलांडायची आणि जरा डावीकडे. ही चौदा पावलं काका रोज संध्याकाळी सहाला मोजत येत. पायरीशी जोडे काढत आणि विचारत, "आहेस का घरात?"

मी घरातच असायचो. एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. साडेपाचला घरी येतो आणि नंतर तासभर मला कोणीही नको असतं. काका मात्र येत, चहा घेत, आणि खिशातून मोजपट्टी काढत. आज खिडकी, उद्या कोनाडा, परवा कपाट. "सोफा चार इंच तिरछा आहे, अविनाश." सहा वर्षं आमचा सोफा चार इंच तिरछा होता. मी तो सरळ केला नाही, कारण केला असता तर काकांनी दुसरं काही शोधलं असतं. सगळी मापं ते एका लाल वहीत टिपून ठेवत. कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

"अहो, बोला ना त्यांच्याशी," शुभदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून खुणावायची. मी बोलायचो, पण नजर घड्याळाकडे असायची. काकांनी ती नजरसुद्धा मोजली असेल.

मग एक दिवस कॉलेजच्या वाचनालयात दोन मुली कॉम्प्युटरवर एका गावात हिंडताना दिसल्या. गाव पडद्यातलं. तिथे आपला एक बाहुला करायचा, त्याला नाव द्यायचं आणि फिरवायचं. दुसऱ्यांचे बाहुले भेटतात, त्यांच्याशी बोलायचं, जागा घ्यायची, घर बांधायचं. "और सर, टाइम का पता ही नहीं चलता," त्यातली एक म्हणाली. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. टाइमचा पत्ता चालत नाही. माझ्या डोळ्यांसमोर सहाचा ठोका आला, आणि रिकामी पायरी.

त्याच रविवारी मी काकांकडे गेलो. त्यांच्या भाच्याने दिलेला कॉम्प्युटर होताच, त्यावर ते पत्ते खेळत. बाहुला करायला चार दिवस लागले. उंची पाच फूट साडेचार इंच हवी आणि तिथे अर्धा इंच मिळेना. म्हाताऱ्यात म्हातारा बाहुला निवडला तरी तो तिशीतला, फक्त केस पांढरे. काका बराच वेळ बघत राहिले. "हा मी नव्हे, हा माझा भाचा दिसतो," म्हणाले, आणि मग स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव असं सगळं लिहून मोकळे झाले.

त्या जगात सगळे उडतात. एक कळ दाबली की माणूस या टोकाचा त्या टोकाला. मी काकांना ती कळ दाखवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लाच घ्यायला सांगतोय. "उडून गेलेल्याला जमीन काय कळणार? मी चालत जाईन." आणि ते चालले. बाहुल्याची पावलं मोजत, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने रेघा ओढत. कारंज्यापासून पुलापर्यंत दोनशे बारा. पुलापासून बाजारापर्यंत तीनशे चाळीस. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा, कारण एकदा मोजलं ते मोजलं नव्हे.

पहिल्या आठवड्यात एक अनर्थ झाला. भिलाईच्या पल्लवी नावाच्या मुलीने त्यांना तिच्या तिथल्या घरी बोलावलं. आता कोणाच्या घरात जोडे घालून जायचं कसं? काकांनी दाराशी थांबून बाहुल्याचे जोडे काढायची कळ शोधली. चुकीची दाबली गेली. बाहुला बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आला आणि पायांत बूट तसेच. आत दहा-बारा जण बसलेले. काकांनी प्रत्येकाची वेगवेगळी माफी मागितली. "बिटिया, मैं शरीफ ख़ानदान से हूँ," असं पल्लवीला तीनदा लिहिलं. त्या दिवसापासून बाहुल्याच्या जोड्यांना ते हात लावत नाहीत. कोणाच्या दारात बाहुला पोचला की स्वतः खुर्चीत वाकतात, स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडतात, बूट बाजूला ठेवतात आणि मोज्यांवर बसून आत जातात.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचं नाव झालं. तिथल्या दोन मुलांचं भांडण पेटलं होतं, एकाने लावलेली झाडं दुसऱ्याच्या जागेत गेली म्हणून. एक सागरचा, एक इटाव्याचा. दोघे चार दिवस एकमेकांना शिव्या लिहीत होते. काका मध्ये पडले. "दोनों चुप रहो। मौके पर देखेंगे।" जागा मोजली, नकाशा काढला, त्याचा फोटो टाकला, दोघांच्या संमतीने तीन झाडं हलवली. तेव्हापासून ती पोरं त्यांना पटवारीजी, म्हणजे तलाठी, म्हणतात. काकांना ते खटकतं. "अरे, मैं पटवारी नहीं था, सर्वेयर था।" कोणी ऐकत नाही. हल्ली मोजणी असली की बोलावणं येतं आणि काका कोटाची बटणं लावतात.

तक्रार एकच. "जमीन फार सपाट आहे रे. इस्त्री केल्यासारखी." म्हणून त्यांनी तिथे आपल्या जागेच्या मागे एक छोटं बीहड तयार केलं. पोरं ते बघायला येतात, घळींमधून हिंडतात, आणि काका सांगतात की इथे आमचा तंबू असायचा, इथे उंट बांधायचे.

हे सगळं मला काकांनी खिडकीतून सांगितलं. कारण तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचं सहाचं येणं बंद झालं होतं.

पहिले काही दिवस मी पाय लांब करून सोफ्यावर पडलो. छान वाटलं, हे लपवत नाही. मग सहा वाजले की कान पायरीकडे जायला लागले. शुभदा सवयीने तीन कप काढायची, एक परत ठेवायची. "घर कसं मोकळं मोकळं झालंय ना?" ती म्हणायची. ते कौतुक नसायचं.

काका रोज बोलवत होते. "एकदा ये तर. मौक्यावर बघ मी काय बांधलंय." मी म्हणायचो, रविवारी. किती रविवार गेले. एकदा तर मी सांगितलं की माझ्या लॅपटॉपवर ते चालत नाही. लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि खिडकीतून दिसत होता. काकांनी तिकडे बघितलं आणि विषय बदलला.

मग एक दिवस ते दारात आले, कोटात. हातात निमंत्रणाचा कागद, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. पडद्यातल्या घराची वास्तुशांत, रविवारी संध्याकाळी सहाला. सोबत स्वतः काढलेला नकाशा, कारंज्यापासून पावलं लिहून.

"सूनबाई, याला घेऊन या. नवं घर आहे, घरचं माणूस पाहिजे."

"नक्की येतो काका," मी म्हटलं.

गेलो नाही. मोरारला मावसभावाकडे जेवण होतं. दुपारचं होतं, चारला निघता आलं असतं. मी बसून राहिलो. आठला परतलो तर आमच्या पायरीवर स्टीलचा डबा. आत सत्यनारायणाला करतात तसा शिरा, केळं घालून. झाकणावर चिठ्ठी: "वास्तुशांत निर्विघ्न पार पडली. सत्तावीस जण होते. तू कामात असशील. डबा सावकाश परत कर."

शुभदाने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी कॉलेजातून लवकर निघालो. पाच वाजता लॅपटॉप उघडला. हाती आला तो बाहुला घेतला, नाव स्वतःचं दिलं आणि कारंज्यापाशी उतरलो. उडायची कळ समोर होती, दाबली नाही. नकाशा मांडीवर घेऊन चाललो. माझा बाहुला दोनदा भिंतीवर आपटला, एकदा तळ्यात पडला. शेवटी पूल आला, बाजार आला, आणि त्याच्या मागे एक अरुंद गल्ली.

उजवीकडे काकांचं घर. नावाची पाटी, मागे बीहड. मी वळून समोर बघितलं.

समोर आमचं घर होतं. गल्ली ओलांडायची आणि जरा डावीकडे. दोन पायऱ्या, त्यातली वरची तुटलेली. निळ्या रंगाच्या डब्यातली तुळस. दारावर माझं नाव. दार उघडंच होतं. आत तोच कोनाडा, तेच कपाट, खिडकी तेवढीच. लाल वहीतली सहा वर्षं सगळी इथे उभी होती. आणि सोफा चार इंच तिरछा.

मागून कोणीतरी आलं. डोक्यावर नाव होतं, पल्लवी.

"आप सामने वाले भैया हैं?" अक्षरं उमटली. "अंकल ने बताया था आप बहुत बिज़ी रहते हैं। वो रोज़ छह बजे आते हैं यहाँ।"

"क्या करते हैं?" मी विचारलं.

"कुछ नहीं। पूछते हैं घर में हो क्या। फिर थोड़ी देर बैठते हैं और चले जाते हैं। हमने कहा अंकल, ख़ाली घर क्यों बनाया? बोले, पड़ोस के बिना घर कैसा।"

मी बाहुल्याला सोफ्यावर बसवलं. पल्लवी गेली. सहाला दोन मिनिटं होती.

बरोबर सहाला काकांचा बाहुला त्यांच्या दारातून बाहेर आला आणि गल्ली ओलांडून आमच्या पायरीशी थांबला. मी लॅपटॉपवरून नजर उचलून खऱ्या खिडकीतून बघितलं. समोर काका खुर्चीत वाकले होते आणि बुटांच्या नाड्या सोडत होते. एक बूट काढला. दुसऱ्याची गाठ बसली होती, ती नखाने सोडवली. दोन्ही बूट जोडून भिंतीशी ठेवले. मग एका बोटाने टाइप केलं.

"आहेस का घरात?"

"आहे," मी लिहिलं. "या."

खिडकीतून दिसलं, काका चष्मा काढून पुसत होते. पुन्हा घातला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि लिहिलं, "सोफा अजून तिरछा आहे."

"सरळ करू का?"

"नको. राहू दे." मग जरा वेळाने, "इथे सगळं आहे. चहा तेवढा मिळत नाही."

मी उठलो तर शुभदा मागे उभी होती. तिने सगळं वाचलं होतं. हातात ट्रे आणि त्यावर तीन कप. "आज आपण जाऊ," ती म्हणाली.

आम्ही पायरी उतरलो. मी पावलं मोजत चाललो. इतक्या वर्षांत मोजत कधीच चाललो नव्हतो. काकांच्या दाराशी चपला काढल्या आणि विचारलं, "आहात का घरात?"

आतून कडी निघाली. काका मोज्यांवरच उभे होते, कोटाची बटणं लावलेली. त्यांनी आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती भरली?"

"तेरा," मी म्हटलं.

"चौदा आहेत." त्यांनी एक कप उचलला, एक घोट घेतला आणि आम्हाला आत यायला वाट दिली. "एकदा मोजलं ते मोजलं नव्हे. उद्या परत मोज."