निळ्यातलं काढून ठेवलंय!

माणसाच्या घरी गाण्यांचा संग्रह केवढा असावा, या गहन प्रश्नाचा निकाल फ्रीजवाल्यांनी फार पूर्वीच लावून टाकला होता. "संग्रह असा असावा," दुकानात आलेल्या गिऱ्हाइकावर स्क्रू-ड्रायव्हर रोखून ते सांगत, "की माणूस संपावा, पण गाणी संपू नयेत!" गिऱ्हाईक बिचारे आपला फ्रीज बर्फ का धरत नाही, एवढेच विचारायला आलेले असे. ते मान डोलावून निघून जाई.

फ्रीजवाल्यांचा संग्रह होता तबकड्यांचा. काळ्याभोर, चकचकीत, ताटाएवढ्या तबकड्या! आणि वाचकहो, ज्याचा जो धंदा, तेच त्याचे कपाट. शिंप्याच्या घरी लोणी-दुधाची भांडीसुद्धा चिंध्यांनी झाकलेली आढळतात, तद्वत फ्रीजवाल्यांच्या तबकड्या फ्रीजमध्ये नांदत होत्या. त्यांच्या मागच्या खोलीत दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले दोन फ्रीज, एक निळा आणि एक पांढरा, द्वारपालांसारखे उभे होते. त्यांत गारवा नव्हता, दिवा नव्हता. होते ते केवळ संगीत! बर्फाच्या कप्प्यात छोट्या तबकड्यांवरची विरहगीते, मधल्या जाळ्यांवर मैफली, भाजीच्या खणात नाचाच्या चाली, आणि अंडी ठेवायच्या खाचांत वाजवायच्या सुयांच्या डब्या.

असे सर्व सुरळीत चालले असता एके सकाळी पत्नीने विषय काढला.

"अहो, बाबांना आज दवाखान्यातून सोडतायत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता थोडे दिवस आपल्याकडेच राहतील."

"अवश्य राहावेत! घर त्यांचंच आहे."

"घर त्यांचं आहे हो, पण खोली फ्रीजांची आहे! पलंग कुठे टाकू? का बाबांना बर्फाच्या कप्प्यात झोपवू?"

"अगं, संगीताच्या सहवासात रुग्ण लवकर बरा होतो."

"बरा होईल, पण आधी आडवा कुठे होईल ते सांगा!"

फ्रीजवाल्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. तो पुन्हा पुसला. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून पत्नीचे मन द्रवले, कारण दर रविवारी एकेक तबकडी लहान मुलाला आंघोळ घालावी तशी पुसून ठेवणारा हा माणूस तिने वर्षानुवर्षे पाहिला होता.

"मी काही इतकी दुष्ट नाही," ती म्हणाली. "एक फ्रीज राहू दे, एक जाऊ दे. कुठला राहायचा ते तुम्ही ठरवा. दुपारी तुमचे भागीदार टेम्पो घेऊन येतील, ते दुसरा घेऊन जातील."

झाले! उरलेल्या आयुष्याला पुरेल एवढे संगीत एका फ्रीजमध्ये मावविणे फ्रीजवाल्यांना प्राप्त झाले. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि निवड करू लागले. प्रारंभी त्यांनी आवडीप्रमाणेच निवडायचे योजिले होते. परंतु मनात एक विचार डोकावला, आणि घात तिथेच झाला. उद्या एखादा जाणकार घरी आला तर? त्याने फ्रीज उघडून पाहिला तर? त्याच्या नजरेस काय पडावे? मग काय विचारता! निळ्या फ्रीजमध्ये भराभर भारदस्त तबकड्या जाऊ लागल्या. ज्या ऐकताना डोळे मिटावेच लागतात, आणि एकदा मिटले की घोरणेच ऐकू येते, अशा! एकीच्या वेष्टनावर डोळे मिटून सतार घेऊन बसलेले दाढीवाले गृहस्थ, दुसरीवर तसेच डोळे मिटलेले दुसरे दाढीवाले गृहस्थ. उरलासुरला किरकोळ माल पांढऱ्यात गेला. एक तबकडी हाती घेऊन मात्र ते बराच वेळ थबकले. तिच्यात ऐन तानेच्या मध्यावर गायिकेला खोकला आला होता, आणि तो कोणी काढून टाकला नव्हता. "असले काही जाणकाराच्या घरी शोभत नाही," असे स्वतःला बजावून त्यांनी तीही पांढऱ्यात सरकवली.

तेवढ्यात फोन आला. एका दवाखान्यातला औषधांचा फ्रीज बंद पडला होता. फ्रीजवाल्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरता उतरता हाक दिली.

"अगं, निळ्यातलं काढून ठेवलंय हं! आले की सांग त्यांना!"

"बरं!" आतून उत्तर आले.

आता वाचकहो, आपल्या भाषेचा हा खेळ पाहा. दुधावरची साय काढून ठेवतात, ती जपण्यासाठी. आणि बिऱ्हाड हलवताना फाटकी गादी काढून ठेवतात, ती फेकण्यासाठी! शब्द तेच. साय कोणती आणि गादी कोणती, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे. फ्रीजवाल्यांच्या मनात साय होती. पत्नीच्या कानी गादी गेली!

दुपारी भागीदार आले. यांना सारा बाजार तात्पुरते म्हणत असे. ते त्यांचे आडनाव नव्हते. कोणतीही दुरुस्ती करून झाली की "तात्पुरतं चालेल" असे सांगण्याची त्यांना सवय होती, म्हणून ते नाव पडले.

"वहिनी, कुठला न्यायचा?"

"निळा. ह्यांनी त्यातलंच काढून ठेवलंय."

"अहो, भरलेला दिसतोय!"

"नको असलेलंच भरलंय त्यात. तसाच न्या."

तात्पुरत्यांनी दोन हमाल लावून निळा फ्रीज टेम्पोत चढवला. टेम्पोत अगोदरच एक निळा फ्रीज उभा होता. तो नुकताच दुरुस्त केलेला असून एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या घरी पोचवायचा होता. बाईंच्या दाराशी आल्यावर दोन निळ्यांतला कोणता उतरवायचा, असा पेच पडला. तात्पुरत्यांनी दोन्ही हलवून पाहिले. "जड तो चांगला, हलका तो भंगार!" असा सिद्धांत मांडून त्यांनी जड फ्रीज बाईंच्या स्वयंपाकघरात उभा केला आणि हलका घेऊन ते दुकानी परतले.

ते ठोकाठोकी करीत असताना बाईंचा फोन आला.

"फ्रीज गार होत नाही. शिवाय आत एक गृहस्थ सतार घेऊन बसले आहेत!"

तात्पुरत्यांना एका कानाने फोन आणि दुसऱ्याने हातोडी ऐकू येत होती. त्यांनी त्यातून जमेल तेवढा अर्थ काढला. फ्रीजवाले दवाखान्यातून दुकानात येताच त्यांनी निरोप दिला.

"तुम्हीच जाऊन या हो बाईंकडे. त्यांच्या फ्रीजमधून सतारीचा आवाज येतोय म्हणतात."

"सतारीचा?" फ्रीजवाल्यांनी तज्ज्ञाप्रमाणे डोळे बारीक केले. "पंख्याची पाती घासत असेल. सनईचा आला असता तर गॅस म्हटला असता!"

बाई उंच होत्या, करारी होत्या, आणि त्यांच्या घरी खुर्च्यासुद्धा रांगेत उभ्या होत्या. फ्रीजवाल्यांनी पायताण काढले, स्वयंपाकघरात शिरून फ्रीजला कान लावला. आवाज नाही. फ्रीजचे दार उघडले. आत तबकड्या!

पहिल्या क्षणी फ्रीजवाल्यांचे अंतःकरण भरून आले. आपल्यासारखा दुसरा जीव या जगात आहे तर!

"बाई! म्हणजे आपणही फ्रीजमध्येच ठेवता?"

"मी? मी फ्रीजमध्ये दूध ठेवते! हे तुमच्या दुकानातून आलंय."

दुसऱ्या क्षणी त्यांना दाढीवाले गृहस्थ दिसले. मग दुसरे दाढीवाले गृहस्थ. मग अंड्यांच्या खाचेतली स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावलेली सुयांची डबी. पायांखालची फरशी सरकली!

"अहो, हे माझं आहे! माझी निवड आहे ही! उभा जन्म घालवलाय मी यात!"

"तुमचं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "मला वाटलं, कुणाचा तरी नको असलेला माल आहे. मी तर ऐकायलाही सुरुवात केली. माझ्या यजमानांचं यंत्र आहे घरात. कित्येक दिवसांत कोणी वाजवलं नव्हतं ते." शेवटचे वाक्य त्या किंचित हळू बोलल्या. मग पूर्ववत ताठ झाल्या. "तुमचं असेल तर घेऊन जा. मला फुकटचं काही नको. पण तुमचंच कशावरून? सांगा बघू, यात कायकाय आहे?"

फ्रीजवाल्यांची शाळा सातवीतच सुटली होती. परीक्षेची धडकी मात्र सुटली नव्हती. त्यांचे हात नकळत पाठीमागे गेले.

"एक... एक खोकल्याची आहे."

"कसली?"

"बाई गाता गाता खोकते बघा! आणि मग खोकल्यावर स्वतःच हसते, आणि तान पुन्हा पहिल्यापासून घेते. दुसरीच घेते खरं तर, पण पहिलीपेक्षा गोड!"

बाईंनी जाळ्या चाळल्या. "नाही. पुढे."

"एक अडकते. 'येशील का, येशील का, येशील का' म्हणत राहते. वर चिल्लर नाणं ठेवलं की पुढे सरकते."

"नाही."

"नावाड्यांची आहे एक. मागे पाण्याचा आवाज येतो. खरंच पाणी आहे हो! शपथ!"

"तीही नाही. बरं, हे सतारवाले कोण? काय वाजवतायत?"

फ्रीजवाल्यांनी दाढीवाल्या गृहस्थांकडे आर्जवाने पाहिले. गृहस्थांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"वाजवतायत... चांगलं वाजवतायत."

"शून्य!" बाई म्हणाल्या. पण मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "अहो, जे तुमचं म्हणता त्यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही, आणि जे तोंडपाठ आहे ते इथे नाही! मग ते आहे कुठे?"

फ्रीजवाल्यांच्या डोक्यात जणू बंद पडलेला दिवा लागला. "पांढऱ्यात!" ते ओरडले. "सगळं पांढऱ्यात आहे!"

आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. तात्पुरते होते.

"अहो, वहिनींनी बोलावलंय. त्या पांढऱ्या फ्रीजचं काहीतरी करायचंय म्हणतात. दोर घेऊन निघालोय."

"थांबा! हात लावू नका त्याला!"

पण फोन बंद झाला होता. तात्पुरत्यांचे ऐकणेही तात्पुरतेच असे.

"बाई, हे सगळं तुम्हालाच ठेवा! गार होणारा फ्रीज उद्या सकाळी आणून देतो!" एवढे बोलून फ्रीजवाले पायऱ्यांवरून असे धावत सुटले की पायताणांपैकी एकच पायात होते. उभ्या जन्माची निवड मागे राहिली होती, आणि तिची त्यांना आठवणही नव्हती! नजरेपुढे दिसत होता तो फक्त टेम्पो, त्यात आडवा पडलेला पांढरा फ्रीज, आणि भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर खोकणारी ती बिचारी गायिका.

घराच्या दाराशी टेम्पो उभा होता! फ्रीजवाले जिना एका श्वासात चढले. "नेऊ नका! पांढरा नेऊ नका! जीव आहे माझा त्यात!"

"नेतंय कोण?" आतून तात्पुरते म्हणाले.

मागच्या खोलीत पलंग पडला होता. पलंगाच्या पुढ्यात पांढरा फ्रीज होता, आणि त्याच्या मुठीला एका हाताने आणि कडेला दुसऱ्या हाताने धरून सासरेबुवा उभे होते. होय, उभे! पत्नी त्यांच्या पाठीशी हात पसरून होती. तात्पुरते फ्रीजला दोर गुंडाळून गाठ मारीत होते.

"आलात का?" पत्नी हरखून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, धरून धरून चालवा. पलंगावरून उठले की बाबांना धरायला हा फ्रीज अगदी नेमक्या जागी येतो! फक्त मूठ ओढली की दार उघडत होतं, म्हणून ह्यांना बोलावलं."

"तात्पुरतं नाही बांधलेलं हां," तात्पुरते अभिमानाने म्हणाले. "चांगलं कायमचं बांधलंय!"

"आणि गंमत म्हणजे जराही हलत नाही," पत्नी सांगू लागली. "रिकामा असता तर कलंडला असता. तुमच्या आवडीचं भरलेलं आहे ना आत, म्हणून कसा ठाम उभा आहे! बरं झालं बाई, तुम्ही नको ते निळ्यात काढून ठेवलंत."

निळ्याचे काय झाले, हे सांगण्यात आता काही अर्थ उरला नव्हता. फ्रीजवाले पांढऱ्या फ्रीजजवळ गेले, आणि त्यांचा हात आपोआप गाठीकडे वळला.

"एकच काढतो. एकच! लगेच बांधतो परत. ती खोकल्याची तबकडी..."

"अहो, बाबा बरे होईपर्यंत दोर सुटायचा नाही!"

"एकच गं! इतकी वर्षं घरात आहे, पण ती ऐकावीशी आजच वाटली बघ!"

सासरेबुवांनी मान वळवली. कपाळावर घामाचे थेंब होते, मुठीवरची बोटे पांढरी पडली होती, आणि चेहऱ्यावर नव्याने चालायला शिकणाऱ्या पोराचा आनंद होता.

"जावईबापू, मलाही गाणं नकोय असं नाही," ते धापा टाकीत म्हणाले. "पण आज एवढ्या दिवसांनी पाय कुठे ऐकायला लागलेत. आधी त्यांचं ऐकणं होऊ द्या!"

फ्रीजवाल्यांचा हात गाठीवरच थांबला. मग त्या हाताने, सुटलेला तर नाही ना हे पाहण्यासाठी, दोर आणखी जरा आवळला. सासरेबुवांनी एक पाऊल टाकले. पाठोपाठ दुसरे टाकले. पाय ऐकत होते! आणि फ्रीजवाले, एका पायात पायताण आणि एक पाय अनवाणी, फ्रीजच्या दाराला कान लावून उभे होते. आत अगदी शांतता होती.