पाकीटरावांची किरकोळ दुरुस्ती

रविवारी सकाळी पाकीटरावांनी एक किरकोळ दुरुस्ती करायचं ठरवलं. चहा प्यायचा, दुरुस्ती उरकायची आणि मग दिवसभर नुसतं पडून राहायचं, असा बेत होता. नुसतं पडून राहायची इच्छा तशी पाच महिन्यांपासूनची होती.

पाकीटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिटकॉइन ठेवायच्या पाकिटाचं सॉफ्टवेअर ते इतर अनेकांच्या जोडीने लिहीत. हे पाकीट संगणकात असतं, खिशात नाही. पण सासूबाईंनी लग्नानंतर वर्षभर सगळ्यांना "जावई पाकिटं शिवतात" असंच सांगितलं (एका शेजारणीने तर कमरेचा पट्टाही टाके घालायला पाठवला), आणि नाव पडलं ते पडलंच.

त्यांच्या घरात पुढच्या खोलीतल्या फळीवर, डब्याएवढं एक यंत्र कायम घुरघुरत असे. त्याला म्हणायचं नोड. बायको मातीची भांडी घडवायची. परदेशातली गिऱ्हाइकं तिला बिटकॉइन पाठवत, ते या नोडवर येत आणि पाकिटात जमा होत. मध्ये बँक नाही, दलाल नाही. मध्ये फक्त नवरा. बायकोच्या मते या व्यवस्थेची लंगडी बाजू तीच होती.

दुखणं एवढंच होतं, की यंत्र बंद करून चालू केलं की पाकीट पहिल्यापासूनचे सगळे व्यवहार पुन्हा चाळत बसे. तोवर पडद्यावर "कृपया थांबा". चांगली अकरा मिनिटं. पाकीटरावांनी त्यावर सहाशे ओळींचा उतारा लिहिला होता. जुन्या फाइलमधलं सगळं नव्या, नीट लावलेल्या फाइलमध्ये घ्यायचं, जुनी काढून टाकायची, की काम अकरा सेकंदांत. आता फक्त करून बघायचं राहिलं होतं.

"कशावर करून बघणार आहेस?" बायकोने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखलेले होते.

"आपल्याच नोडवर."

"त्यात माझे पैसे आहेत."

"म्हणून तर! खऱ्या पैशांवर चाललं की विश्वास बसतो."

"बुधवारी दुपारपर्यंत भट्टीवाल्याला द्यायचेत. नाहीतर तो भट्टी दुसऱ्याला देणार. मग तीन महिने थांबा."

"अगं, पाच मिनिटांचं काम!"

(पाच मिनिटांचं म्हणून हातात घेतलेलं काम त्यांच्या हयातीत पाच मिनिटांत एकदाही झालं नव्हतं. पण माणूस म्हणतो.)

बायकोची जुनी भट्टी महिन्यापूर्वी जळाली होती, आणि मागच्या खोलीत चाळीस कच्ची भांडी ओळीने भाजायची वाट बघत होती. ती पुन्हा चाकावर जाऊन बसली.

पाकीटरावांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, "जुनी फाइल साफ करत आहे." मग आलं, "पाकीट सापडलं नाही. नवीन तयार करायचं का?"

त्यांनी आपण लिहिलेलं पुन्हा वाचलं. सहाशे ओळींपैकी दोनच ओळींची अदलाबदल झाली होती. आधी जुनी फाइल पुसायची आणि मग तिच्यातलं नव्या फाइलमध्ये घ्यायचं, असा आदेश त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता. जपून ठेवलेली नक्कल शेजारीच होती. साफसफाईत तीही गेली. साफसफाई चोख झाली होती.

"झालं?" आतून आवाज आला.

"झालं."

"चालतंय?"

"अकरा सेकंदांत!"

"आणि पैसे?"

"शून्य दाखवतंय. पण अकरा सेकंदांत दाखवतंय."

चाक थांबलं.

घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं पाकीटराव चप्पल घालता घालता तीनदा म्हणाले. पाकीट गेलं तरी पैसे जात नाहीत. पाकीट तयार होताना बारा इंग्रजी शब्द मिळतात, ते पुन्हा घातले की सगळं जसंच्या तसं परत येतं. ते शब्द दुसऱ्या घरात ठेवावेत असं जाणकार सांगतात, म्हणून त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून सासरेबुवांकडे दिले होते. अख्ख्या नात्यागोत्यात त्यांच्याइतका टापटिपीचा माणूस नव्हता. छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली.

दोघं सासुरवाडीला गेली. सासरेबुवांनी कपाटातून एक वही काढली, पान उघडलं आणि अभिमानाने पुढे केलं. मोत्यासारखं अक्षर. बारा शब्द. पाकीटरावांनी ते लॅपटॉपवर घातले.

"शब्द जुळत नाहीत," पडद्यावर आलं.

पुन्हा घातले. पुन्हा तेच. मग बायकोने वहीत डोकावून पाहिलं.

"बाबा, हे शब्द एबीसीडीप्रमाणे कसे?"

"लावले मी." सासरेबुवा म्हणाले. "चिठ्ठीवर नुसता गोंधळ होता. काका, शिडी, लोणी, कांगारू! कशाचा कशाला पत्ता नाही. शिडीला लोणी लावून काकांना चढवलंय, असं वाटत होतं. म्हटलं, शुद्ध प्रत काढावी. एखादा शब्द शोधायचा झाला तर सोपं."

"बाबा, शब्द बाराच होते हो," पाकीटराव क्षीण आवाजात म्हणाले.

"बारा असोत की बारा हजार. शिस्त ती शिस्त."

"पण त्यांचा क्रम हीच किल्ली होती!"

"तसं वर लिहायला हवं होतं. 'क्रम बदलू नये.' तीन शब्द."

पाकीटरावांनी स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "आई, मी दिलेली चिठ्ठी कुठे असेल?"

"चिठ्ठ्याचपाट्या मी साठवत नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. "गेली रद्दीत."

सासरेबुवांनी तोंड उघडलं, मग मिटलं, वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

घरी आल्यावर पाकीटरावांनी एक नवा प्रोग्राम लिहिला. बारा शब्द जितक्या तऱ्हांनी मांडता येतात तितक्या तऱ्हांनी मांडून पाहायचे. तऱ्हा निघाल्या सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे. लॅपटॉपचा पंखा भणाणला आणि पडद्यावर अंदाज उमटला: तीन दिवस, चार तास.

"म्हणजे बुधवारी संध्याकाळी," बायको म्हणाली.

"नशीब असेल तर आधीही."

"नशिबाचं तू काढूच नकोस."

तिने भट्टीवाल्याला फोन केला. चार तासांची सवड द्या म्हणाली. तो म्हणाला, ताई, दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन दारात बसलंय. तिने फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन कच्च्या भांड्यांवर कोरडं फडकं घातलं. ती चिडली असती तर पाकीटरावांना बरं वाटलं असतं. ती दमली होती. गेलं वर्षभर ती भांडी घडवत होती आणि नवरा पाकीट सुधारत होता, आणि दोघांच्या वाट्याला "कृपया थांबा" एवढंच आलं होतं.

सोमवार गेला. पाकीटराव पडद्यावरचे आकडे बघत बसून राहिले. (नुसतं पडून राहायची संधी होती, पण आता पाठ टेकवत नव्हती.)

मंगळवारी दुपारी सासरेबुवा आले. काखेत एक जाडजूड फाइल होती. जावयाचा अवतार त्यांनी आपादमस्तक न्याहाळला.

"काय चाललंय?"

"तुमच्या शब्दांचे सगळे क्रम लावून बघतोय."

"किती होतात?"

पाकीटरावांनी आकडा सांगितला. सासरेबुवा खुर्चीत बसले. एवढी प्रुफं त्यांनीही तपासली नव्हती.

"जावईबापू, आधी मूळ प्रत बघायची असते."

"ती रद्दीत गेली ना!"

"मूळ प्रत? रद्दीत?" त्यांनी फाइल उघडली. चिठ्ठी आत होती, भोक पाडून लावलेली, वर तारीख. "छत्तीस वर्षांत एक मूळ प्रत हरवली नाही माझ्याकडून. ही कुठे पडू देतोय!"

"मग रविवारी बोलला का नाहीत?"

"तुम्ही हिच्या आईला विचारलंत. मला कोणी विचारलंच नाही."

शब्द घातले. काका, शिडी, लोणी, कांगारू आणि मंडळी आपापल्या जागी उभी राहिली आणि पाकीट उघडलं. पैसे होते तिथेच होते. बायको मागच्या खोलीतून आली, तिने पडदा पाहिला आणि भिंतीला पाठ टेकून खाली जमिनीवरच बसली. मग म्हणाली, "तू आता कशालाही हात लावू नकोस. आजच्या आज ते बिटकॉइन विक आणि पैसे भट्टीवाल्याला देऊन टाक." हात न लावता विकायचे कसे, हे विचारण्याचं धाडस पाकीटरावांना झालं नाही. त्यांनी हात लावला आणि विकले.

सासरेबुवांनी मात्र तोवर चष्मा चढवून जावयाच्या त्या सहाशे ओळी वाचायला घेतल्या होत्या.

"'साफ करत आहे' हे कोणी लिहिलं?"

"मी."

"साफ केलं की वस्तू उरते. पुसली की उरत नाही. इथे काय होतं?"

"उरत नाही."

"मग तसं लिहा."

आणि त्यांनी सांगितलं तसं पाकीटरावांनी लिहिलं: "जुनी फाइल कायमची पुसली जाईल. नवी उघडून पाहिलीत का?" मग त्यांनी दोन ओळींचा क्रम सुधारला आणि सगळं काम पाकिटाच्या प्रकल्पाच्या प्रमुखांकडे पाठवून दिलं. बुधवारी भट्टी आली.

दोन आठवड्यांनी प्रमुखांचं उत्तर आलं. तीच अडचण दुसऱ्या कुणीतरी एकोणीस ओळींत सोडवली होती, तेव्हा पाकीटरावांच्या सहाशे ओळी साभार परत. पडद्यावरची सूचना मात्र फारच आवडली, ती ठेवली आहे. नव्या आवृत्तीबरोबर मदत करणाऱ्यांची यादी निघाली. पाकीटरावांचं नाव तिच्यात होतं, अगदी तळाला, "शुद्धलेखन-दुरुस्ती" या मथळ्याखाली.

एवढं तरी दाखवावं म्हणून त्यांनी ती यादी सासरेबुवांपुढे धरली. सासरेबुवांनी ती वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत, सावकाश वाचली.

"छान," ते म्हणाले. "तुमच्या नावात एक अक्षर गाळलंय."