गोदाबाईच्या घरचा वारा

गाविलगडच्या डोंगरात तळ्याकाठच्या मळ्यात गोदाबाई वांगी तोडत होती आणि तिचा नवरा जानराव घर सोडून निघाला होता. अमेरिकेतल्या लढाईमुळं खाली वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिथं तेल्हारा गावच्या त्याच्या चुलतभावानं बैलांची शिंगं चांदीनं मढवली, तेव्हापासून जानरावाच्या डोळ्यांत भाजीचा मळा खुपत होता.

“तू राह्य वांगे कुरवाळत! मी चाललो कापूस पेराले. आता वापस येनं नाई!”

“अवो, पन मळा कोन पाहीन? अन् मले?” म्हणत ती काठावर लावलेल्या होडीच्या वल्ह्यावर ठिय्या देऊन बसली.

“ठेव तुयं वल्हं तुयापाशी. वारा नेते मले!”

त्या लाकडी डोंग्यात उभं राहून त्यानं घोंगडी शिडासारखी पसरली. सकाळचा वारा पलीकडच्या घाटवाटेकडं वाहतो, हे त्याला ठाऊक होतं. उन्हं तापली की तोच वारा उलटा फिरून घराकडं येतो, हेही ठाऊक होतं. पण रागात माणसाला निम्मंच आठवतं. शिवाय भांडण फार लांबून सकाळ सरत आली होती. तळ्याच्या मधोमध वारा पडला आणि डोंगा जागच्या जागी डुलू लागला.

गोदाबाईचा राग कुठल्या कुठं पळाला. जानरावाला पोहता येत नव्हतं, आणि हा शहाणा अजून उभाच! पण नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची कशी? ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “अवो! खाली बसा नं!”

काठावर म्हशी धुणारे तिघं सवयीनं खाली बसले. जानराव तेवढा उभा.

शेवटी शेजारचा खुशालराव धावत आला. “जानराव, बस लेका!”

तो बसला आणि वारा फिरला. जानराव दोन्ही हातांनी पाणी मारत घाटाकडं जाऊ पाहत होता आणि डोंगा मुकाट्यानं घराकडं येत होता. आला तो थेट स्वतःच्या दारासमोर, ऐन जेवणाच्या वेळी.

“झाला का रे कापूस पेरून?” खुशालरावानं विचारलं.

“भूक लागली म्हनून आलो.”

गोदाबाईनं पदरानं डोळे पुसले. “वांग्याचीच भाजी हाये.”

“वाढ,” तो मान खाली घालून म्हणाला.

त्या दिवसापासून तळ्याकाठी दुपारच्या वाऱ्याला जानराव हेच नाव पडलं. ‘जानराव सुटला’, ‘आज जानराव पडलेला दिसते’, असं सगळे बिनदिक्कत म्हणायचे. पंचाईत एकट्या गोदाबाईची. दुपारी पदर फडफडला की ती तवा चुलीवर ठेवायची आणि हळूच म्हणायची, “आले वाटते.”