तायडे साहेबांचा तुलनात्मक तक्ता

नोव्हेंबर लागला की दर शुक्रवारी सकाळी तायडे साहेब ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मस्कतला कुरुमच्या समुद्रात उतरतात. हातात पिवळ्या बदकाच्या आकाराचा थर्मामीटर. बाळाला टबात घालण्याआधी पाणी तपासायचा असतो, तसा. काठावर वही घेऊन मी उभा. बदक दोन मिनिटं लाटांवर डुलतं, मग पाण्यातून आवाज येतो, “चोवीस पॉइंट पाच! काय विचार करून राहिलात मुकादम, लिहा!”

मी लिहितो. आसपासची ओमानी माणसं आता हसतसुद्धा नाहीत.

साहेब मूळचे अकोल्याचे, मी मुकादम, रत्नागिरीचा. दार्सैत भागात एकाच इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. ऑफिसही एकच. तीस वर्षं त्यांनी एका कंत्राटदार कंपनीत टेंडरं तपासली आणि ती सवय थेट हाडात उतरली. मासळी घ्यायची तर तीन ठिकाणी भाव विचारणार. केस कापायचे तर तीन न्हाव्यांची पाहणी करणार. माझं लग्न ठरलं तेव्हा अभिनंदन राहिलं बाजूला, गंभीरपणे विचारलं, “स्थळं किमान तीन आली होती ना?” एकच होतं म्हटल्यावर आठवडाभर माझ्याकडे काळजीने बघत होते.

त्यांचं आवडतं वाक्य, “टेक्निकली पास, कमर्शियली आऊट. खलास.” माल पसंत, पण दर परवडत नाही, असा त्याचा अर्थ; कलिंगडापासून माणसापर्यंत ते कोणालाही लागू पडे.

बदकाचं कारण म्हणजे त्यांची मुलगी प्रज्ञा. ती कॅनडात विनिपेगला असते. तिथली थंडी तिने फोनवर सांगितली की अकोल्याच्या उन्हात वाढलेला हा माणूस इथे पंख्याखाली शहारतो. नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या बेताच्या, पण हिवाळ्यात पंधरा दिवस तरी कुठेतरी उबेत जायचंच, असा त्यांचा नेम. पाच वर्षांपूर्वी ती सहज म्हणाली, “बाबा, तुम्ही टेंडरवाले. स्वस्तात कुठे जावं, तुम्हीच काढून द्या ना.”

झालं. तेव्हापासून दरवर्षी तक्ता तयार होतो. मेक्सिको, क्युबा, फ्लोरिडा, मस्कत. पाण्याची ऊब, ऊन, लहान मुलाला सोसेल असं जेवण, विमानभाडं, राहणं. एकेक रकाना साहेब आखणार आणि खाली दोन सह्या हव्यात म्हणून माझी सही घेणार. दरवर्षी मस्कत दुसरं येतं. दरवर्षी प्रज्ञा मेक्सिकोला जाते. आणि दरवर्षी साहेब मला सांगतात, “निकाल निःपक्षपाती आहे.”

मला सुरुवातीला याची गंमत वाटायची. यंदा नाही वाटली. मार्चमध्ये त्यांची नोकरी संपते, व्हिसाही. मग अकोला. त्यांच्या पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, तिथे त्यांची वाट बघणारं कोणी नाही. नात मैत्री इथे आली होती ती सहा महिन्यांची असताना, आता सहा वर्षांची होईल. तिला इथला समुद्र दाखवायचा तर हाच हिवाळा.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी सहीसाठी तक्ता वर धाडला नाही, मलाच खाली स्वतःच्या घरी बोलावलं. तिकडे सकाळ झाली की प्रज्ञाला फोन करायचा होता. मी इतकी वर्षं न वाचताच सही करत आलो. या वेळी वाचलं. मस्कतच्या रकान्यात, राहण्याच्या खर्चात, हॉटेलचं पंधरा दिवसांचं भाडं लावलेलं होतं.

“साहेब, हे काय? ती हॉटेलात कशाला राहील? तुमची खोली आहे की!”

“तपासणारा मी आणि खोलीही माझीच? तसं चालत नाही, मुकादम. सगळ्यांना एकच निकष.”

“अहो, भाडं काढलं तर मस्कत पहिलं येतं!”

साहेबांनी मोबाइल समोर उभा केला. फोन लागला होता.

“बाबा, झाला तक्ता?” प्रज्ञाचा आवाज. मागून मैत्रीने अडखळत विचारलं, “आजोबा, डक कुठे आहे?” साहेबांनी बदक कॅमेऱ्यासमोर धरलं. मग घसा साफ करून निकाल वाचला. मेक्सिको.

“आणि मस्कत, बाबा?”

“टेक्निकली पहिलं. कमर्शियली आऊट.”

 ती म्हणाली, “बरं. तुम्ही म्हणताय तर तसं.”

त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला ऐकू आलं. पोरगी पाच वर्षं तक्ता मागत नव्हती, ‘ये’ म्हणा एवढंच मागत होती. मी फोन हिसकावून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. साहेबांचा इतक्या वर्षांचा मान आडवा आला, दुसरं काय. याची मला लाज वाटते.

फोन ठेवून साहेब बदक ठेवायला आतल्या खोलीत गेले. मीही मागे गेलो. दोन गाद्या, धुतलेल्या चादरी, खिडकीत लहान मुलांची वाळूत खेळायची बादली. बादलीला अजून दुकानाची चिठ्ठी होती.

“खोली तयार आहे, साहेब. मग भाडं का लावलंत?”

त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. एक होती, तरी दोनदा.

“भाडं काढलं की मस्कत पहिलं येतं, हे मला पाच वर्षांपूर्वीच कळलं, मुकादम. पण समजा पहिलं आलं, आणि तरी ती आली नाही, तर?”

 तक्त्यावर माझी सही तेवढी राहिली होती. ती मी केली नाही. “आधी प्रज्ञाला पुन्हा फोन लावा,” म्हणालो.

“बघू. इन्शाल्ला,” साहेब म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे पाण्यात उतरले. मी काठावरून विचारलं, “फोन केलात?”

बदक लाटांवर डुलत होतं. साहेब पाठमोरेच म्हणाले, “चोवीस. लिहा.”