सी लारूसींचा गेलेला ग्रंथ

शुक्रवारी सकाळी बायकोने, झुलिखाने, फरशी धुवायला काढली, तेव्हा सी लारूसी, म्हणजे लारूसीसाहेब बेनमरझूग, जुम्म्याच्या नमाजाला जायचं म्हणून दाढी करत होते. अर्धा चेहरा फेसात होता. आतल्या खोलीतून आधी बादली सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड धप्पकन पडलं, आणि मग झुलिखाचा बारीक आवाज आला, "या अल्ला."

झालं होतं एवढंच, की स्टुलाखालचं पाणी ओढायला झुलिखाने रबरी दांड्याने स्टूल जरा ढकललं. स्टुलावर कॉम्प्युटरचा डबा होता आणि तो चालू होता. डबा आता ओल्या फरशीवर आडवा पडला होता आणि त्याच्या पोटातून आवाज येत होता. टक... टक... टक.

"उचला ना!" झुलिखा म्हणाली.

सी लारूसींनी डबा उचलला. टकटक चालूच. त्यांनी बटण बंद करून पुन्हा लावलं. पडद्यावर काळोख आणि पोटात टकटक.

"ग्रंथ?" झुलिखाने विचारलं.

"ग्रंथ," सी लारूसी म्हणाले. त्यांच्या हनुवटीवरून फेसाचा थेंब खाली पडला.

हा ग्रंथ म्हणजे कॉन्स्टंटाइन शहराच्या पुलांचा समग्र इतिहास. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर सी लारूसींनी तो हाती घेतला, त्याला बारा वर्षं झाली होती. रोज नऊ ते बारा त्यांच्या खोलीचं दार बंद असे. त्या वेळात घरात कुकर लागत नसे, नातवंडं आलीच तर जिन्यात खेळत, आणि रव्याची पोती झुलिखा एकटी चार मजले वर चढवत असे. मेव्हण्याच्या लग्नालासुद्धा सी लारूसी गेले नव्हते. "ते लिहिताहेत," झुलिखा सगळ्यांना सांगे. सांगताना तिचा आवाज आपोआप खाली येई.

आता खरं सांगायचं तर ग्रंथाची पानं होती एकतीस.

सी लारूसी आळशी नव्हते. रोज नऊला ते अगदी मनापासून लिहायला बसत. कालची एकतीस पानं वाचत. 'दोर' काढून 'तार' करत, दुसऱ्या दिवशी 'तार' काढून पुन्हा 'दोर' करत. बत्तिसाव्या पानावर काय लिहायचं ते मात्र सुचत नसे. साडेदहाच्या सुमारास ते, फक्त डोकं मोकळं व्हावं म्हणून, कॉम्प्युटरवर पत्त्यांचा एक डाव लावत. डोकं मोकळं होता होता बारा वाजत.

त्यामुळे ती टकटक ऐकताना त्यांना पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. खांद्यावरचं ओझं कुणीतरी न विचारता उतरवून घ्यावं, तसं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. पण सुटल्यासारखं वाटलं होतं, हे काही खोटं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बातमी इमारतभर झाली. पहिले आले खालच्या मजल्यावरचे हाजी ताहर बूशामा. येताना त्यांनी उपायही आणला होता.

"डिस्क काढा आणि रव्यात पुरून ठेवा. रवा ओल ओढून घेतो."

"हाजी, ती भिजली नाही, पडलीय."

"पडलीय? मग बर्फात ठेवा. मुका मार आहे."

म्हणून डिस्क एक रात्र फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी राहिली. सकाळी ती थंडगार झाली होती आणि टकटक करतच होती. हाजी ताहर निराश झाले, पण कॉफीच्या दुकानात जाऊन त्यांनी पानं तीनशे सांगितली. संध्याकाळी ती सहाशे झाली होती. सोमवारी सांस्कृतिक केंद्राचे संचालक स्वतः जिने चढून आले, तेव्हा नऊशेवर गेली होती.

"हे तुमचं एकट्याचं नुकसान नाही," संचालक सी लारूसींचा हात धरून म्हणाले. "या शहराची स्मरणशक्ती गेली."

सी लारूसींनी मान खाली घातली. मान खाली घालण्यात त्यांना आता चांगलीच गती आली होती. शेजारच्या बायका झाकलेल्या ताटांतून कुसकुस आणून देत होत्या. गल्लीत लोक त्यांना पुढे जायला वाट देत. बारा वर्षं लिहून जे मिळालं नव्हतं ते न लिहिलेलं हरवल्यावर मिळत होतं, आणि ते चाखत असताना त्यांना आपली बायको जेवत नाही, हे तीन दिवस दिसलंच नाही.

दिसलं ते चौथ्या दिवशी. झुलिखा ताटावर बसे, घास मोडे आणि तसाच ठेवून उठे. फरशी पुसायचा दांडा तिने गच्चीवर नेऊन ठेवला होता.

"अगं, जेव की."

"कशी जेवू? तुमची बारा वर्षं मी एका धक्क्यात पाडली."

एक वाक्य बोलायचं होतं, 'अगं, तिथे काही नव्हतंच.' ते वाक्य सी लारूसींच्या घशापर्यंत आलं. पण ते बोललं की त्याच्यासोबत बंद दार, न लावलेला कुकर, रव्याची पोती, सगळंच बाहेर येणार. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "जाऊ दे. नशीब."

आणि हे त्यांना रात्रभर टोचत राहिलं, कारण 'नशीब' म्हणताना ते तिला माफ केल्यासारखे बोलले होते.

झुलिखा मात्र नशिबावर विसंबून राहणारी बाई नव्हती. बुधवारी ती बाहेर जाऊन आली आणि डोक्यावरचा रुमाल न सोडताच म्हणाली, "डिस्क दिली मी."

"कुणाला?"

"स्टेशनमागे एक वसीला नावाची बाई आहे. मेलेल्या डिस्कमधून सगळं बाहेर काढते. म्हणाली, शनिवारपर्यंत सांगते."

"अगं, कशाला उगीच! गेलं ते गेलं!"

"तुम्ही माझ्यासाठी असं म्हणता, कळतं मला," झुलिखा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. सी लारूसींना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी, फिरायला जातो असं सांगून, ते स्टेशनमागच्या इमारतीचे तीन मजले चढले. वसीला चाळिशीची, पांढऱ्या कोटातली, डोक्याला जाळीची टोपी घातलेली बाई होती. एका काचेच्या पेटीत हात घालून ती काहीतरी बारीक काम करत होती.

"या काका, पुलांवाले ना? डिस्क बर्फात कुणी ठेवली होती?"

"शेजाऱ्यांनी."

"त्यांना सांगा, माणसं गोठवा, डिस्क नको. आतली सुई वाकली होती. तशाच दुसऱ्या डिस्कची काढून बसवली."

सी लारूसींनी खुर्ची जवळ ओढली. "पोरी, एक विनंती आहे. काही निघालं नाही, असं सांगशील?"

वसीलाने हात पेटीतून बाहेर काढले. "उशीर झाला काका. सगळं निघालं. मावशींना सकाळीच फोन केला. दोनशे चौदा फायली."

"उघडून पाहिल्यास?"

"दोन-चार पाहाव्याच लागतात, नीट आल्यात का ते कळायला." "'ग्रंथ-अंतिम', 'ग्रंथ-अंतिम-नवा', 'ग्रंथ-खरोखर-अंतिम'. माझ्याकडे लोक गेलेलं परत मागायला येतात, काका. परत आलेलं पुन्हा घालवायची सोय माझ्याकडे नाही."

"मावशींना सांगितलंस? आत काय आहे ते?"

"ते माझं काम नाही," वसीला म्हणाली आणि सगळं उतरवलेली नवी डिस्क कागदात गुंडाळून तिने त्यांच्या हातात ठेवली.

घरी पोचेपर्यंत उशीर झाला होता. झुलिखाने फोन ठेवल्या ठेवल्या हाजी ताहरना सांगितलं होतं, की ग्रंथाची दोनशे चौदा प्रकरणं परत आली. हाजी ताहरनी ते संचालकांना सांगितलं होतं. संचालकांनी ग्रंथवाचनासाठी पुढच्या गुरुवारी केंद्राचं सभागृह ठरवलं होतं. झुलिखा तर दारातच उभी होती. आठवड्याभराने तिने डोळ्यांत काजळ घातलं होतं.

"आणलीत?"

सी लारूसींनी दार लावून घेतलं. "झुलिखा, बस."

त्यांनी सगळं सांगितलं. एकतीस पानं सांगितली, दोर आणि तार सांगितली, पत्तेसुद्धा सांगितले. बोलताना ते कागदात गुंडाळलेल्या डिस्ककडे बघत होते. बोलणं संपलं तेव्हा खालच्या बेकरीतल्या ट्रेंचा आवाज वर ऐकू येत होता.

"म्हणजे," झुलिखा हळूहळू म्हणाली, "माझ्या हातून काही मोडलं नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"एक डबा मोडला. तोही जुनाच होता."

झुलिखा हसायला लागली. आधी हाताआड, मग मोकळ्याने, मग डोळ्यांतलं काजळ गालावर ओघळेपर्यंत. सी लारूसीही भीत भीत हसले. तिथे त्यांचं चुकलं.

"तुम्ही नका हसू!" झुलिखा ताडकन उठली. "बारा वर्षं! पायाचा आवाज होऊ नये म्हणून मी घरात मोजे घालून फिरले! माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला एकटी गेले! आणि आत तुम्ही काय करत होता? राणीवर गुलाम लावत होता?"

"राजावर राणी, राणीवर गुलाम," सी लारूसींच्या तोंडून निघून गेलं.

ती आत गेली. भांडी बराच वेळ वाजली. मग ती बाहेर आली, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "वाचा."

"काय?"

"ती एकतीस पानं. इतकी वर्षं दाराबाहेर बसले, निदान ऐकू तरी द्या."

सी लारूसींनी मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली आणि वाचायला घेतलं. तासभर ते वाचत होते. झुलिखा हाताची घडी घालून, एकदाही मध्ये न बोलता ऐकत होती. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी चष्मा काढला.

"कसं वाटलं?"

"खांब किती उंच, दोर किती जाड, कोणत्या साली काय दुरुस्ती झाली, सगळं आहे. पण एकतीस पानांत तुमच्या पुलावरून एकही माणूस पलीकडे गेला नाही."

सी लारूसींना राग आला. मग त्यांनी मनातल्या मनात एकतीस पानं चाळली. खरंच, माणूस सोडा, एक गाढवसुद्धा गेलं नव्हतं.

"कुणाला न्यायचं?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी शाळेत असताना रोज दोनदा त्या झुलत्या पुलावरून जायचे. वारा सुटला की आम्ही मुली एकमेकींचे हात धरायचो. आणि पोस्टातला एक नवा कारकून रोज बरोबर त्याच वेळेला मागून यायचा. छातीशी एक जाड वही धरून, जणू फार मोठं काम आहे. त्याला वाटायचं, कुणाला काही कळत नाही."

सी लारूसींचे कान लाल झाले. "तुला दिसत होतो मी?"

"सगळ्या वर्गाला दिसत होता."

तेवढ्यात दारावर थाप पडली. "सी लारूसी!" बाहेरून हाजी ताहर ओरडले. "संचालक विचारताहेत, गुरुवारी किती प्रकरणं वाचणार?"

झुलिखाने दार बोटभर उघडलं. "गुरुवार रद्द करा, हाजी. ग्रंथ परत आला, पण त्यात खूप राहून गेलंय. पुन्हा लिहायला बसलेत."

ती परत आली तेव्हा सी लारूसींनी नवी फाइल उघडली होती. बोटं कळांवर होती, पण हलत नव्हती.

"तेव्हा वारा कोणत्या दिशेचा असायचा?" त्यांनी विचारलं. "तेवढं पक्कं कळलं, तर..."

"आधी मुलींना पूल ओलांडू द्या," झुलिखा म्हणाली. "दिशा नंतर घाला."