दोन व्याह्यांची कंबर

"खेळतो ना मी गोल्फ!" आनंदराव म्हणाले आणि कौसल्याबाईंना चहाचा ठसका लागला.

लेकीच्या, दीप्तीच्या लग्नाचं बोलायला दोघं नवराबायको रजतच्या घरी आले होते. पोरापोरीचं आधीच जमलेलं, जमत नव्हत्या फक्त वडिलांच्या गप्पा. रजतचे वडील धम्मानंदजी अबोल माणूस. आनंदरावांना शोकेसमध्ये गोल्फ खेळणारा पितळी पुतळा दिसला आणि बुडत्याला काडी सापडली.

"गोल्फ खेळता वाटते, जी?"

"तुमी?" धम्मानंदजींनी विचारलं.

तिथं ते वाक्य निघालं. आता वीज खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थानं जन्मात हाती धरलेली काठी म्हणजे पपई पाडायची! पण धम्मानंदजींचा चेहरा उजळला. "मंग जाऊ ना एखाद्या रविवारी! महिनाभरानं जमते?"

जमते म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

घरी येताना कौसल्याबाई कडाडल्या, "काहून खोटं बोलले जी? उद्या ते म्हणतीन, बाप असा त पोरगी कशी!"

हे मात्र आनंदरावांच्या काळजाला लागलं. दीप्तीसाठी ते काहीही करायला तयार होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गल्लीतली जिम गाठली.

तिथला अंकुश म्हणाला, "काका, गोल्फ हातानं नाही, कमरेनं खेळतेत. आधी कंबर मजबूत करा." त्यानं त्यांना जड चेंडू धरून डावीउजवीकडं वळायला लावलं, उठाबशा काढायला लावल्या. "पण हळूहळू वजन वाढवा, घाई करू नोका."

घाई करू नको म्हटल्यावर आनंदरावांना घाई होणारच. महिना संपत आला तसा त्यांना धीर धरवेना. घरी काटोलहून संत्र्यांची गोणी आली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, उजवीकडं नेली आणि सगळं बळ एकवटून डावीकडं फिरवली.

गोणी उसवली. संत्री दिवाणखान्यात धावली. ती धरायला आनंदराव तसेच वाकले, आणि कमरेत असं काही कटकन वाजलं की स्वयंपाकघरातून कौसल्याबाई पळत आल्या.

"अवं माय! सरळ व्हा ना जी!"

"होता आलं असतं त झालो नसतो का!"

मान डावीकडं, कंबर वाकडी. दुसऱ्या दिवशी रविवार. आनंदरावांनी धम्मानंदजींना फोन लावला, "उद्या जमत नाही जी. अर्जंट काटोलले जा लागते."

"हो का? जा, जा! बिलकुल जा!" पलीकडून इतक्या आनंदानं उत्तर आलं की आनंदरावांना थोडं वाईटच वाटलं.

रविवारी कौसल्याबाईंनी त्यांना फिजिओथेरपीवाल्याकडं बसवलं आणि त्या पाणी आणायला गेल्या. उजव्या हाताच्या खुर्चीत कोणीतरी कण्हत येऊन बसलं. आनंदरावांना तिकडं वळताच येईना.

"तुमची बी कंबर का?" त्यांनी भिंतीकडं पाहत विचारलं.

"काय सांगू बाप्पा!" शेजारी विव्हळला. "पोराचे होणारे सासरे गोल्फचे खेळाडू निघाले. आमच्या घरी पुतळा आहे, तो त मले रिटायरमेंटले भेटला होता. पण त्याहिनं मोठ्या हौसेनं विचारलं, मले नाही म्हणवलं नाही, वरतून मीच म्हणून बसलो, जाऊ एखाद्या रविवारी. महिनाभर व्यायाम केला अन् परवा रात्री सिलिंडर फिरवता फिरवता भरली उसण."

आनंदरावांनी कान टवकारले. आवाज ओळखीचा होता. गप्प बसले असते तर निभावलं असतं, कारण शेजाऱ्यानं अजून त्यांना ओळखलं नव्हतं. पण या भल्या माणसाची कंबर आपल्या एका थापेनं मोडली, हे त्यांना सहन होईना. ते खुर्चीसकट सरकत वळले.

"धम्मानंदजी, मीच तो खेळाडू. अन् मले बी नाही येत."

धम्मानंदजींनी त्यांची वाकडी कंबर पाहिली. मग हसले. हसताना कळ आली, तसे ओरडले. त्यांचं पाहून आनंदराव हसले आणि तेही ओरडले.

"पुढचे कोण?" आतून आवाज आला.

आनंदरावांनी हात पुढं केला. "पहिले तुमी. पोराकडचा मान असते जी."

"मान जाऊ द्या चुलीत," धम्मानंदजी म्हणाले. "तुमी जास्त वाकडे आहा, तुमी जा."