कामाक्षीचं शेपूट

जनकोजींच्या कामाक्षी गाईचं शेपूट अख्ख्या शोळिंगनल्लूरमध्ये नावाजलेलं होतं. चेन्नईत नव्या फ्लॅटमध्ये आधी गाय शिरते, मग माणसं. आणि त्या झुबकेदार शेपटाला हात लावून नमस्कार केला की घरमालकिणीला धन्य वाटायचं. त्यामुळे कामाक्षीला मान होता, आणि तिच्यामागे दोरी धरून चालणाऱ्या निवृत्त जनकोजींनाही.

यंदा ऑक्टोबरच्या पावसात साठवलेला पेंढा भिजला. वरच्या खोलीतला भाडेकरू मंदार, सॉफ्टवेअरवाला पण शेतकऱ्याचा पोरगा, म्हणाला, "काका, मागे सुबाभूळ माजलीय, ती घाला. पण एकदम नको, फार झाली तर केस गळतात. पहिल्या आठवड्यात रोज एक मूठ, इतर चाऱ्यात मिसळून. मग हळूहळू वाढवा, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच."

जनकोजींनी घरोघर बजावलं, "सुबाभूळ एक मूठच. वर एक पान नको."

गल्लीनं ते तंतोतंत पाळलं. जेवणाआधी गाईला घास घालायची रीत होतीच. आता प्रत्येक घरातून एकेक मूठ सुबाभूळ येऊ लागली. घरं होती बावीस.

पंधरवड्यानं जनकोजी शेपूट विंचरायला बसले, तर अर्धा झुबका हातातच आला. त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं.

"कमलिनी, तू किती घालतेस?"

"एक मूठ. तुम्हीच सांगितलं की," बायको म्हणाली.

"मीही एकच घालतो."

"आम्ही पण एकच हं," शेजारच्या सीतालक्ष्मी कुंपणावरून म्हणाल्या.

मंदारनं कपाळाला हात लावला. "काका, मूठ गाईमागे मोजायची, माणसामागे नाही."

डॉक्टरांनी सुबाभूळ बंद केली. जिवाला धोका नव्हता, केस परत येणार होते. पण शुक्रवारच्या आत नाही. शुक्रवारी ऐंशी फ्लॅटांच्या नव्या इमारतीतला पहिला गृहप्रवेश होता. तिथे नाव गेलं तर कामाक्षीला पुन्हा कोण बोलावणार, या काळजीनं जनकोजींना तीन दिवस जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मालकीणबाई हेमावती त्या बोडक्या शेपटाकडे बघतच राहिल्या.

"हे असंच असतं?"

जनकोजींनी हात जोडले. "नाही अम्मा. केस गळालेत. चूक माझी आहे."

"असू दे हो. माझ्या बहिणीकडच्या गाईनं शेणानं भरलेलं शेपूट फिरवलं, नवा रंग दिलेली भिंत सगळी माखली. हिच्या बोडक्या शेपटानं बघा, कुठे डाग पडला नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे वरच्या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्यांना फोन लावला, "हीच गाय बोलवा."

आता तिथला प्रत्येक गृहप्रवेश कामाक्षीचा. सुबाभळीच्या टोपलीला कुलूप आहे, किल्ली कमलिनीकडे. पुन्हा एका मुठीपासून सुरुवात करून मंदारच्या हिशोबानं गाय तिसऱ्या हिश्श्यापर्यंत सुखरूप पोचली. अंगावर तकाकी आली, दूध वाढलं, आणि शेपूट तर पूर्वीपेक्षा दाट झालं.

मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी जनकोजी कात्री घेऊन बसतात आणि शेपटाचा झुबका स्वतःच्या हातानं कापून बोटभर करून टाकतात.